जुनी पिकअप : ओढणारी आणि पळणारी

(सटाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न जोडले आहेत.)

समोर शेतकरी आहेत, पिकअपवाले आहेत आणि मागच्या रांगेत तीन-चार गॅरेजवाले हाताची घडी घालून बसलेत. म्हणजे मी काही चुकीचं बोललो तर इथेच पकडला जाणार. चांगलं आहे.

मी चौतीस वर्षं डिझेल गाड्यांची कामं केली. त्या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य सांगतो : ‘‘मनी गाडी घाट चढस नही, काहीतरी करा.’’ आपला तालुकाच असा. देवळ्याच्या पुढे नाशिककडे निघालात की भावडबारी, ताहाराबादहून पिंपळनेरकडे वळलात की शेलबारी. कांदा काढा, डाळिंब काढा, माल कुठे तरी बारी ओलांडूनच जाणार. त्यात आता पिकअपच्या मागे काहीतरी जोडायचं असतं. जनरेटरची ट्रॉली, पाण्याचा छोटा टँकर, लग्नसराईत साउंडचा गाडा. आणि तीच गाडी रिकामी झाली की पोराला ती हायवेवर पळायलाही हवी असते. एका जनावराकडून बैलाचं आणि घोड्याचं, दोन्ही कामं.

होतं का ते? होतं. पण पैसे कुठे आधी घालायचे, यात बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो होतो. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मी का सांगतोय ते कळेल.

ओळखीतल्या एका मुलाने जुनी पिकअप घेतली. यंत्रपंपाचं इंजिन, साठ-पासष्ट हॉर्सपॉवरचं. मागे दोन पाटे जादा टाकून घेतले, टायर एक नंबर मोठे, मागच्या बंपरला वेल्डिंग करून हूक. मग माझ्याकडे आला, काका, पंप वाढवून द्या. मी दिला वाढवून. स्क्रू फिरवायला किती वेळ लागतो? गाडी खरंच उड्या मारायला लागली. पोरगा खूश, मी खूश. तीन आठवड्यांनी हौद्यात कांदा, मागे जनरेटर, अशी गाडी घाट चढली, झोकात चढली, आणि उतरताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं. पोराने डोकं शाबूत ठेवून गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. दरीच्या बाजूला गेली असती तर आज मी इथे भाषण करत उभा नसतो. क्लीनरचा पाय मोडला. तो आता चालतो, काम करतो, पण मला रस्त्यात भेटला की माझी नजर आधी त्याच्या पायाकडेच जाते.

त्या गाडीत इंजिन सोडून प्रत्येक गोष्ट कमी पडली होती, आणि मी नेमकं इंजिनच वाढवलं होतं.

आता जरा हिशेब करू. शाळेतलंच गणित आहे, घाबरू नका.

हिशेबापुरता एक घाट धरा. चार किलोमीटर लांब आणि सहा टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर. गाडी, माल आणि मागची ट्रॉली मिळून साडेचार टन. तीसच्या स्पीडने हा घाट चढायला इंजिनमधून साधारण ४४ हॉर्सपॉवर लागते. यात टायरचं घर्षण, हवा आणि गिअरबॉक्स-हाउसिंगमधली घट सगळं धरलंय. म्हणजे जुनं, पण निरोगी इंजिन हे काम न कुरकुरता करतं. तोच घाट पन्नासने चढायचा म्हटलं तर लागते सुमारे ७७. जवळपास पावणेदोन पट. आणि वेळ किती वाचला? तीसने आठ मिनिटं, पन्नासने पावणेपाच. सव्वातीन मिनिटं! चहाच्या टपरीवर आपण याच्या चौपट वेळ घालवतो.

आता उतार. तीच साडेचार टन गाडी तोच घाट उतरते. घर्षण आणि हवा वजा केली, तरी जी ऊर्जा उरते ती कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली तर तेवढ्या उष्णतेत पंचवीस लिटर पाणी नळाच्या पाण्यापासून उकळीपर्यंत जाईल. मागची ट्रॉली नसती तर हाच आकडा अठरा-एकोणीस लिटरचा झाला असता. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती जादाची उष्णताही पिकअपच्याच चार चाकांनी खायची. युरोपात साडेसातशे किलोच्या वरची ट्रॉली स्वतःच्या ब्रेकशिवाय ओढू देत नाहीत, ते उगाच नाही.

आणि पेडल तळाला का गेलं? ब्रेक ऑइलमुळे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, असा दंडक आहे. ओलावा शिरल्यावर तोच आकडा १४० वर येतो. घाटात ड्रम-डिस्क तापतात, सिलिंडरजवळचं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय जातो खाली आणि चाकाला काहीच पोचत नाही. थोडं थांबून गाडी गार झाली की पेडल परत कडक! म्हणून मागून तपासणाऱ्याला वाटतं, ब्रेक तर चांगले आहेत, ड्रायव्हरच झोपला असेल. त्या मुलालाही लोक तेच म्हणाले. त्या गाडीचं ऑइल किती वर्षांत बदललं नव्हतं हे कुणालाच सांगता आलं नाही. दर दोन वर्षांनी बदला. खर्च म्हणाल तर एका मोठ्या टायरच्या किमतीत अख्ख्या गल्लीच्या गाड्यांचं होईल.

दुसरी गोष्ट गॅरेजवाल्यांनीही लक्ष देऊन ऐका. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकला वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यामध्ये त्याची दांडी असते. माल भरला की मागचा भाग खाली बसतो, दांडी हलते, व्हॉल्व्ह समजतो की वजन आहे आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. आता आपण काय करतो? दोन पाटे वाढवतो. माल भरूनही गाडी खाली बसत नाही. व्हॉल्व्ह बिचारा म्हणतो, गाडी रिकामीच दिसतेय. दीड टन माल असताना मागे ब्रेक रिकाम्या गाडीचा! त्या मुलाच्या गाडीत हेच झालं होतं. सगळा भार पुढच्या डिस्कवर. पाटे मीच बसवलेले नव्हते, पण गाडी माझ्या रॅम्पवर होती आणि मी वर पंपाकडे बघत होतो.

म्हणून पाट्यांबद्दल माझं मत ऐका. मऊ पडलेले, तुटलेले पाटे बदलून कंपनीचा मूळ संच घाला, बुश-शॅकल नवे घाला. जादा पाटा घालून वजन वाहायची परवानगी वाढत नाही. गाडी किती वाहू शकते हे एक्सल, चाकाचं बेअरिंग, टायर आणि ब्रेक मिळून ठरवतात.

आता ओढायच्या भागाकडे येतो. मी टॉर्कला ‘ओढ’ म्हणतो आणि हॉर्सपॉवरला ‘दम’. ओढ म्हणजे चाक किती जोराने फिरवलं. दम म्हणजे तो जोर किती वेगाने चालू ठेवता आला. गंमत अशी, की ओढ गिअरने वाढवता येते, दम गिअरने वाढत नाही. पहिल्या गिअरमध्ये गाडी भिंत ओढून काढेल, पण हळू. त्यामुळे ‘गाडी उचलत नाही’ म्हणणाऱ्याला बऱ्याचदा इंजिनची नाही, रेशोची अडचण असते.

आणि रेशो आपण स्वतःच बिघडवून ठेवतो. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ टाकला की चाकाचा व्यास साधारण चार टक्के वाढतो. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ चार टक्के कमी. वर स्पीडोमीटर कमी दाखवतो, ते वेगळंच. पोरं आधी मोठे टायर घालतात, मग गाडी उचलत नाही म्हणून पंप वाढवतात. मूळ मापाचा, योग्य लोड-रेटिंगचा टायर आणि बरोबर हवा. हे आधी करून बघा. उलट बाजूने, क्राउन-पिनियन ४.३ चं असेल आणि ४.९ चं बसवलं तर ओढ १४ टक्क्यांनी वाढते. पण त्याच स्पीडला इंजिनही १४ टक्के जास्त फिरतं, डिझेल जास्त जातं, हायवेवर आवाज वाढतो. म्हणजे बैलाला दिलेलं घोड्याकडून काढून घेतलं. ज्याची गाडी आठवड्यातले सहा दिवस घाटात ट्रॉली ओढते त्यानेच याचा विचार करावा, आणि तोही त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या जोडीचा.

हूक. बंपरला हूक लावणाऱ्याला मी हात जोडतो. बंपर पत्र्याचा असतो, तो गाडीला धरून असतो, गाडी त्याला धरून नसते. हूक चेसिसच्या दोन्ही मेंबरना बोल्टने जोडलेल्या आडव्या बीमवर हवा. शिवाय सुटली तर अडकून राहायला साखळी, आणि ट्रॉलीला मागचे दिवे.

ट्रॉलीत माल कसा भरायचा हे आपल्या आजोबांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बैलगाडी धुरजड असली की बैलांच्या मानेवर भार, उलाळ असली की जू वर उचललं जातं. ट्रॉली किंचित धुरजड हवी. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर, म्हणजे हुकावर. बाराशे किलोची ट्रॉली असेल तर दांड्यावर सव्वाशे ते पावणेदोनशे किलो. मोजायचं कसं? कांदा तोलायचा काटा घ्या, दांडा हुकाच्या उंचीवर येईल असा त्यावर ओंडका ठेवून टेकवा, झालं. उलाळ ट्रॉली साठ-सत्तरच्या स्पीडला शेपटी हलवायला लागते. एकदा का ती डोलायला लागली की गाडीचं मागचं चाकही सोबत डोलतं, आणि घाबरून स्टेअरिंग फिरवलं की आडवी होते. आणि हुकावरचा हा भारसुद्धा पिकअपच्या वजनातच मोजायचा, हे विसरू नका.

थंडाव्याबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी जातं. आपल्या बोअरचं पाणी काय करतं ते घरातल्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो त्यावरून बघा. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि सिलिंडर हेडच्या पोकळ्यांत बसतो. रोज वीस किलोमीटर रिकामं फिरणाऱ्याला कळत नाही. मे महिन्यात ट्रॉली लावून घाटात गेलात की काटा लाल. मग मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो, ‘‘आता गरम होणार नाही’’ म्हणतो. त्याने सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल वाढतं, सिलिंडर झिजतात, आणि खरा रोग, म्हणजे बुजलेला रेडिएटर, तसाच राहतो. रेडिएटर उघडून साफ करा, फॅनची कपलिंग बघा, कूलंट आणि शुद्ध पाणी भरा. आणि पंधरा-वीस रुपयांसारखी वाटणारी ती रेडिएटरची टोपी! ती दाब धरते म्हणून पाणी १०० ऐवजी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेलेली टोपी म्हणजे ते सगळं संरक्षण गेलं.

अमेरिकेत पिकअपला ओढायचं किती रेटिंग द्यायचं याची एक ठरलेली चाचणी आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमचा चढ आहे, अठरा किलोमीटरचा. तिथे बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान, एसी पूर्ण चालू आणि मागे पूर्ण वजनाची ट्रॉली, अशी गाडी न तापता चढवावी लागते, ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता. शिवाय बारा टक्के चढावर थांबलेली गाडी पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे उचलून दाखवायची. त्यांची इंजिनं आपल्या दुप्पट-तिप्पट मोठी असतात, ते सोडा. पण चाचणी कसली आहे बघा : उचलणं, न तापणं, धरून ठेवणं. सर्वात जास्त वेग किती हे त्यात कुणी विचारत नाही.

हे सगळं झाल्यावर मग इंजिन. आणि इथे मला एक गंमत दिसली. जुन्या गाडीचा ‘परफॉर्मन्स वाढवा’ म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या गाड्या मूळ ताकदसुद्धा देत नसतात. एअर फिल्टर शेतातल्या धुळीने बुजलेला, नोझल फवारा मारायचं सोडून पिचकारी मारतोय, टर्बो असेल तर त्याचा पाइप क्लॅम्पपाशी फाटलेला, इंटरकूलर चिखलाने माखलेला, व्हॉल्व्हचा गॅप कधीच बघितलेला नाही, मागचा एक ब्रेक-शू चिकटून चालतोय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकात फार फरक असेल तर पुढचं काही करू नका, आधी ते दुरुस्त करा. नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर कंपनीच्या मापाला लावून घ्या. त्या मुलाची गाडी आम्ही नंतर अशीच पुन्हा बांधली. ब्रेक पूर्ण नवे, ऑइल नवं, पाटे मूळ, टायर मूळ, हूक चेसिसला, रेडिएटर साफ, आणि पंप मी स्वतः परत मापावर आणला. क्लच प्लेटही बदलली, वाढवलेल्या पंपाने ती जळाली होतीच. तो म्हणतो, रिकामी गाडी आता जास्त हलकी पळते. माझा विश्वास बसला नाही, म्हणून आम्ही घड्याळ लावलं. तोच रस्ता, तोच तिसरा गिअर, तीस ते पन्नास. वाढवलेल्या पंपाच्या वेळी जे लागायचं त्याच्या अगदी जवळ आलं. चिकटलेले ब्रेक आणि मोठे टायर किती खात होते, ते तेव्हा कळलं.

उतरायची सवयही सांगतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात लोक. गिअरमध्ये असताना पाय काढला की पंप डिझेल बंद करतो, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे वाचत काही नाही, वर इंजिनचा रोध गेला आणि पंचवीस लिटर पाण्याची सगळी उष्णता ब्रेकवर.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ मध्ये ही तरतूद आली : मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. जादा वजनाला कलम १९४ मध्ये वीस हजार आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार. ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, तिथे बंपरचा हूक आणि काळा धूर दोन्ही दिसतात. पण दंडापेक्षा मला भीती विम्याची वाटते. अपघातात माणूस जायबंदी झाला आणि गाडीत बेकायदा बदल निघाले तर विमा कंपनी वाद घालणार, आणि एका हंगामाचा कांदा विकून ती रक्कम उभी राहत नाही.

विचारा आता.

प्रश्न : स्कॉर्पिओचं इंजिन जुन्या पिकअपमध्ये बसवतात. बसवावं का?

बसतं, मी बसवलेलं बघितलंय. पण इंजिन बदललं की क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, क्राउन, रेडिएटर आणि ब्रेक, सगळ्यांवर जास्त भार. कॉमन रेल असेल तर त्याचं वायरिंग आणि कॉम्प्युटर आणावा लागतो. आणि आरटीओच्या परवानगीशिवाय आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही. एवढा खर्च करायचा असेल तर मी तुम्हाला जास्त ताकदीची दुसरी गाडी घ्या म्हणेन. इंजिन बदलून गाडीची वाहायची क्षमता एक किलोनेही वाढत नाही.

प्रश्न : सर, सुरुवात कुठून करायची? पैसे थोडेच आहेत.

बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर जा. नेहमीचा माल भरा, ट्रॉली लावा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग गाडीची चारही, मग ट्रॉलीसकट सगळं. तीन पावत्या घ्या. चारही चाकांच्या पावतीतून पुढच्या चाकांची वजा केली की मागच्या एक्सलवर किती आहे ते निघतं. आरसीवरचं एकूण वजन आणि टायरवरचं लोड-रेटिंग शेजारी लिहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्या मुलाच्या मागच्या एक्सलचा आकडा बघून आम्ही दोघं काट्यावरच गप्प उभे राहिलो होतो. तो कागद घेऊन या, मग ब्रेकपासून सुरू करू.